यादी लावण्याआधी आमच्या पोरांना उत्तर द्या

प्रति,
देशातल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबांचे मालक, क्रीडा संचालक आणि मुख्य प्रशिक्षक, तसेच त्यांतल्या एका क्लबचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत राहतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर २२ वर्षं दिवाणजी आहे. यार्डातलं काम उरकलं की संध्याकाळी साडेपाच ते सात मुलांना फुटबॉल शिकवतो. त्याला आता १८ वर्षं झाली. त्यातून मला एक रुपया मिळत नाही आणि तो मागायला हे पत्र लिहिलेलं नाही.

जून लागला की तुमच्याकडे नवा संघ बांधायची धांदल सुरू होते. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, परदेशी कोण आणायचा. आमच्याकडे याच दिवसांत साखर कारखान्यांत मिल रोलरचं पूजन होतं, ओव्हरहॉलिंग चालतं, तोडणी-वाहतुकीचे करार लिहिले जातात. गळीत हंगाम कसा जाणार हे पावसाळ्यातच ठरतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. म्हणून पत्र आत्ता लिहितोय. तुमची यादी जाहीर झाल्यावर लिहून काही उपयोग नाही.

ज्या एका क्लबमुळे हे लिहायची वेळ आली, त्याचं नाव मी घालत नाही. तो कुठल्या शहरातला हेही लिहीत नाही. त्यांनी वाचलं तर त्यांना कळेल. आणि त्यांनी जे केलं ते कमीअधिक सगळेच करतात, असं चार जिल्ह्यांतले प्रशिक्षक एकमेकांना भेटले की बोलतात, म्हणून पत्र सगळ्यांना आहे.

ज्याच्यामुळे लिहितोय, त्या मुलाचंही नाव घालत नाही. तो अजून खेळतो. नाव छापून आलं तर पुढचा क्लब त्याला तक्रारखोर म्हणून बाजूला काढेल, अशी त्याच्या आईला भीती आहे आणि ती खोटी आहे असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तो डाव्या बाजूचा बचावपटू आहे, म्हणून मी त्याला आमचा लेफ्ट बॅक म्हणतो.

त्याचे वडील आमच्या यार्डात हमाल आहेत. २०१५ च्या जूनमध्ये ते नऊ वर्षांच्या या पोराला हाताला धरून ग्राउंडवर घेऊन आले. “दिवाणजी, शाळेतनं आला की पोत्यांवर उड्या मारतंय. तुमच्याकडं तरी दमंल.” पायात काही नव्हतं. चेंडू पुढे सरकवला तर डाव्या पायाने मारला. उजव्याने मार म्हटलं तर चेंडूपाशी जाऊन थांबला, पाय बदलला आणि पुन्हा डाव्यानेच मारला. जे लोक मुलांना शिकवतात त्यांना विचारा, जन्मजात डावखुरा मुलगा मिळणं म्हणजे काय असतं. दहा-दहा वर्षं वाट बघावी लागते. डाव्या बाजूला उजव्या पायाचा मुलगा उभा केला की तो प्रत्येक वेळी चेंडू आत घेतो, अर्धा सेकंद जातो आणि तेवढ्यात समोरचा परत जागेवर आलेला असतो. आमच्या पोराचा तो अर्धा सेकंद जात नव्हता.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा त्यांची खोली छपरापर्यंत पाण्यात होती. भांडी, दप्तर, स्टड, सगळं गेलं. मिरजेच्या एका शाळेत त्यांना ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तर हा व्हरांड्यात रिकाम्या पाण्याच्या बाटलीला भिंतीवर मारत होता, ती परत आली की डाव्या पायाने थांबवत होता. शेजारी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांना लागू नये म्हणून तो बाटली मुद्दाम सावकाश मारायचा. त्या दिवशी मला वाटलं, हा मुलगा कुठेतरी जाणार.

२०२२ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो गेला. तुमच्यापैकी एका क्लबने तीन वर्षांचा करार केला. अठरा वर्षांखालच्या मुलाशी त्याहून मोठा करार करता येत नाही, हा फिफाचा नियम आहे. यार्डातल्या हमालांनी वर्गणी काढून पेढे वाटले. तो तुमच्या राखीव संघातून २१ वर्षांखालच्यांच्या लीगमध्ये खेळला. तीन वर्षांत त्याची एकही तक्रार तुमच्याकडून माझ्यापर्यंत आली नाही.

आता मुद्द्यावर येतो.

त्याचा करार ३१ मे २०२५ ला संपत होता. करार संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत खेळाडूला दुसऱ्या क्लबशी बोलायची मुभा असते. तो त्याचा हक्क आहे. एका क्लबकडून त्याला विचारणाही झाली होती. खालच्या लीगचा क्लब होता, पैसे थोडे होते, पण रोज खेळायला मिळणार होतं. त्याने तुमच्या माणसाला विचारलं. उत्तर मिळालं, “कुठे जाऊ नकोस, तुझं रिन्यूअल झालंच म्हणून समज, यंदा पहिल्या संघाबरोबर सराव करशील.” त्याने त्या दुसऱ्या क्लबला नाही कळवलं. मला फोन करून सांगितलं तेव्हा मी विचारलं, कागद दिलाय का? तो म्हणाला, “सर, ते कशाला खोटं बोलतील?”

११ जुलै २०२५ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही आपली पहिल्या दर्जाची लीग, अनिश्चित काळासाठी थांबली. फेडरेशन आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला २०१० चा १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता, पुढचं काही ठरत नव्हतं. काही क्लबांनी पगार थांबवले, काहींनी सरावच बंद केला. हा दोष तुमचा एकट्याचा नव्हता, हे मला कळतं. पेढी बंद पडायची वेळ आली की मालक काय काय करतो, हे मी जवळून बघितलंय. पण त्या सहा-सात महिन्यांत त्या पोराला एक फोन करायला काही पैसे पडत नव्हते. “आमचंच ठरलेलं नाही, तू तुझं बघ,” एवढं कोणी म्हणालं असतं तरी त्याने दुसरीकडे हातपाय मारले असते. त्याने फोन केले. आधी उचलले जायचे, मग वाजत राहायचे, मग त्या माणसाने क्लब सोडल्याचं कळलं. त्याच्या जागी आलेल्याला या शब्दाची काही कल्पनाच नव्हती.

१४ डिसेंबरला मेस्सी वानखेडेवर आला. टीव्हीवर ती गर्दी मी त्याच्या शेजारी बसून बघितली. मैदानभर लोक होते, आणि त्याच देशात त्या दिवशी पहिल्या दर्जाची लीग बंद होती. तो काही बोलला नाही.

जानेवारीत जाहीर झालं की १४ फेब्रुवारी २०२६ पासून १४ क्लबांची एकेरी फेरी होणार, ९१ सामने. महिन्याभरात संघ उभे करायचे होते. त्या घाईत तुम्ही याद्या लावल्या.

त्यातलीच एक दुपार मला विसरता येत नाही. काट्यावर नव्या हळदीची पोती चढत होती. त्याच्या वडिलांनी पाठीवरचं पोतं काट्यावर सोडलं, कमरेचा फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. “दिवाणजी, ह्यात पोराचं नाव कुठं हाय तेवढं दावा. मला इंग्रजी वाचाय येत न्हाई.” खेळाडूंच्या नावांचं पोस्टर होतं, कोणीतरी पुढे पाठवलेलं. स्क्रीनवर त्यांच्या अंगठ्याचा पिवळा डाग पडला होता, तो मी पुसला. वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. तोलाईदार पुढच्या पोत्याचं वजन ओरडत होता आणि माझ्याच्याने लिहवत नव्हतं. “नाही,” म्हणालो. त्यांनी फोन परत कमरेला लावला आणि पुढचं पोतं घ्यायला गेले.

क्लबने मुलगा सोडला म्हणून माझी तक्रार नाही. सोडायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. माझ्याच ग्राउंडवर मी दरवर्षी मुलांना संघातून वगळतो आणि त्यांच्या आया माझ्याशी दोन-दोन महिने बोलत नाहीत. पण वगळलेल्या मुलाला मी समोर बसवून सांगतो. तुमच्या यादीत नाव नाही हे त्याच्या हमाल बापाला काट्यावर एका दिवाणजीकडून कळावं, हे मला मान्य नाही आणि मी ते गप्प बसून सोसणार नाही.

आमच्याकडे शेतकऱ्याचा माल विकला की त्याला पट्टी द्यावी लागते. किती पोती, किती वजन, काय दर, हमाली किती, तोलाई किती, हातात किती. माल पडत्या भावात गेला तरी पट्टी त्याच्या हातात पडते. अडाणी शेतकरी असला तर आम्ही ती वाचून दाखवतो. तुमच्याकडे तीन वर्षं घाम गाळलेल्या मुलाला एका ओळीचाही कागद मिळाला नाही.

तोंडी शब्दाबद्दलही सांगतो. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम उचल घेऊन गेला आणि दसरा उलटला तरी आला नाही, तर ट्रॅक्टरवाल्याचं घर बसतं. अशी घरं आमच्या भागात गावोगाव आहेत. शब्द देणाऱ्याचं काही जात नाही, विसंबून बसणाऱ्याचं वर्ष जातं. फुटबॉलपटूचं एकोणिसावं वर्ष पुन्हा येत नाही हो.

दुसरी तक्रार तुम्ही खेळाडू कसे निवडता त्याबद्दल आहे. हळदीच्या सौद्यात पोत्यात हात खोल घालून मूठभर माल बाहेर काढतात. वरचा नाही, तळाचा. मग त्यातलं एक हळकुंड मोडतात. कडक आवाज आला तर वाळलंय, मोडल्यावर आतला गाभा केशरी निघाला तर रंग आहे. बाहेरून पॉलिश केलेलं सगळंच पिवळं दिसतं. फोटो बघून कुठलाच खरेदीदार बोली लावत नाही. आणि तुम्ही मात्र चार मिनिटांच्या व्हिडिओवर माणसं आणता. एजंट चांगलेच क्षण जोडून पाठवणार, त्याचा तो धंदाच आहे. चेंडू गमावल्यावर हा मुलगा परत धावतो का, ऐंशीव्या मिनिटाला कसा उभा असतो, स्वतःच्या गोलकीपरला शिव्या देतो का, हे त्या चार मिनिटांत नसतं.

आयएसएलच्या सुरुवातीच्या हंगामात, २०१४ ला, मैदानावर एकावेळी सहा परदेशी चालायचे. २०१७-१८ पासून पाच झाले, २०२१-२२ पासून चार. हे कमी का केले? आपल्या मुलांना जागा मिळावी म्हणून. म्हणजे मैदानावरचे किमान सात जण इथलेच असणार आहेत. संघ त्या सात जागांवर उभा राहतो की पडतो. तरीही प्रत्येक उन्हाळ्यात सगळी चर्चा परदेशी स्ट्रायकरची, आणि सात जागांसाठी तीच ती वीस-पंचवीस नावं या क्लबातून त्या क्लबात फिरतात. नवा मुलगा शोधायला कोण बाहेर पडलं? १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात आपण सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. त्या रात्री सगळे विचारत होते की खेळाडू कुठे आहेत. मला टीव्हीसमोर बसून ओरडावंसं वाटलं, की या, दाखवतो.

आमच्या भागात खेळाडू तयार होत नाहीत असं म्हणायला तर जागाच नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून पदक घेऊन आले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं रौप्य आणलं. पण यांच्या खेळात एक सोय आहे. घड्याळ वेळ सांगतं, बारवरचं वजन आकड्यात असतं, कुस्तीत चितपट झालेला सगळ्या गावाला दिसतो. लेफ्ट बॅक योग्य जागी उभा होता म्हणून हल्ला झालाच नाही, हे कुठल्या घड्याळात दिसत नाही. त्याला बघायला जाणता माणूस ग्राउंडवर यावा लागतो, एकदा नाही, तीन-चार वेळा.

इथून तासाभरावर कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब या स्थानिक संघांच्या मॅचला जी गर्दी होते ती तुमच्यापैकी कित्येकांच्या घरच्या सामन्याला होत नाही. पेठांचे झेंडे, ढोल, माडीवरून बघणाऱ्या बाया. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या २१ जणांत मणिपूरची आठ मुलं होती, कारण मणिपुरात शोधायला माणसं गेली. आणि आपल्या या भागातला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तोच पुढे २०२१-२२ ला हैदराबादबरोबर आयएसएल जिंकला. विश्वचषकाच्या वर्षी, १५ सप्टेंबर २०१७ ला, राज्यभर दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळायचा कार्यक्रम झाला, शाळाशाळांत चेंडू वाटले. आमच्या इथल्या एका शाळेतले चेंडू अजून कपाटात आहेत, एकाची हवा गेली आहे, बाकीचे नव्यासारखे. चेंडू आले, पण पाठोपाठ बघणारं कोणी आलं नाही.

आलं, म्हणजे एकदा आलं. तिसरी तक्रार त्याचीच. दोन वर्षांपूर्वी एका क्लबच्या नावाने ओपन ट्रायल झाल्या, आमच्यापासून लांब नाही. प्रत्येकी ५०० रुपये. आटपाडी, जत, फलटण, कराड इथून मुलं पहाटेच्या एसटीने आली होती. मी आठ मुलं घेऊन गेलो. प्रत्येकाला वीस मिनिटं मिळाली, तीही छोट्या टर्फवर सात-सातच्या संघात, जिथे लेफ्ट बॅक नावाची जागाच नसते. वही घेऊन बसलेले दोघे बराच वेळ फोनवर होते. निकाल आठ दिवसांत कळवतो म्हणाले. आजतागायत कळवलेला नाही. जतच्या एका मुलाची आई मला अजून विचारते, “सर, लिस्ट लागली का?” ते पैसे क्लबकडे गेले की मधल्या माणसाकडे, मला माहीत नाही. पण नाव तुमचं होतं, बॅनरवर चिन्ह तुमचं होतं. तुमच्या नावाने कोण काय गोळा करतंय याची जबाबदारी तुम्हीच घ्यायला हवी.

चौथी गोष्ट थोडक्यात. मुलगा आणायचा, राखीव संघात ठेवायचा, वर घ्यायचा नाही आणि लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडे तात्पुरता खेळायलाही, सोडायचा नाही. अठरा ते वीस या वयात वर्षभरात पाच-सहा मॅच खेळलेला मुलगा गंजतो. त्यापेक्षा त्याला खालच्या लीगमध्ये वीस मॅच खेळू द्या.

पाचवी गोष्ट पैशाची, आणि ती माझ्यासारख्या मंडळवाल्यांनी कधी नीट मांडलीच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फिफाच्या नियमात प्रशिक्षण भरपाई आहे. खेळाडू बारा ते एकवीस या वयात जिथे घडला, त्या क्लबांचा तो व्यावसायिक झाला की काही वाटा असतो. शिवाय आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले पाच टक्के त्याच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंतच्या क्लबांत वाटले जातात. त्यासाठी २०२२ पासून फिफाने स्वतंत्र क्लिअरिंग हाउस उघडलं आहे. पण हे मिळायला मुलाची त्या त्या वर्षीची नोंदणी असावी लागते. आमच्या मंडळांकडे ती नसते. मुलगा नवव्या वर्षापासून इथे खेळला, आम्ही त्याला स्टड दिले, पायाला फडकं बांधलं, परीक्षेच्या दिवसांत सायकलवर डबलसीट घरी सोडलं, आणि तुमच्या कागदावर त्याची नोंदणी थेट सोळाव्या वर्षी, तुमच्याच नावाने सुरू होते. त्याआधीची सात वर्षं त्याच्या खेळाडू-पासपोर्टमधून, म्हणजे तो कुठे कुठे खेळला त्या नोंदीतून, गायब. एकाही मुलाचा असा वाटा आमच्या भागातल्या एखाद्या मंडळाला मिळाला असता तर दहा वर्षं चेंडूंची चिंता नसती. नोंदणी न करण्यात आमचीही चूक आहे, ती मी कबूल करतो. पण नियम तुम्हाला माहीत होता, आम्हाला नव्हता.

तुम्ही म्हणाल, क्लब चालवणं किती अवघड आहे याची या माणसाला काय कल्पना. आहे. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. तेव्हाच्या पहिल्या दर्जाच्या आय-लीगमध्ये २०१२-१३ ला दुसरा आलेला पुणे एफसी पुढे राहिला नाही. भारत एफसी एका हंगामात आटोपला, डीएसके शिवाजियन्स दोन हंगामांत. मग २०१९ ला एफसी पुणे सिटी गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मार्च २०१८ मध्ये बंगळूरविरुद्धच्या पहिल्या उपांत्य सामन्यासाठी आम्ही मिरजेहून दोन जीपगाड्या करून बालेवाडीला गेलो होतो. ०-० झाला. परतताना साताऱ्याजवळ हायवेवर पहाटे चहाला थांबलो तेव्हा आमचा लेफ्ट बॅक, बारा वर्षांचा, मला विचारत होता की आशिक कुरुनियन इतका आत का येतो. आशिक मलप्पुरमचा, पण पुण्याच्याच अकादमीतून वर आलेला. त्याला बघून या पोराला वाटलं होतं की अकादमीतून पहिल्या संघात जाता येतं, तसा रस्ता असतो. तो क्लब दीड वर्षही टिकला नाही. क्लब बुडाल्याचं दुःख काय असतं ते आम्हाला कळतं. म्हणूनच सांगतो, की क्लब टिकवायचा असेल तर आसपासच्या जिल्ह्यांत आपला म्हणावा असा एक तरी मुलगा तुमच्या संघात हवा. त्याच्या गावची माणसं तिकीट काढून येतात. आम्ही आलो होतो.

आता मागण्या. सगळ्या याच बिगर हंगामात करता येतील अशा आहेत.

करार संपणाऱ्या प्रत्येक खेळाडूला, राखीव आणि वयोगटाच्या संघांतल्याही, करार संपायच्या किमान ३० दिवस आधी लेखी कळवा, ठेवणार की नाही. ठरलं नसेल तर ‘ठरलेलं नाही, तू दुसरीकडे बोलू शकतोस’ असं लिहून द्या.

नूतनीकरणाचा तोंडी शब्द कोणीही देऊ नये, आणि दिला तर दोन आठवड्यांत कागद. वीस वर्षांखालच्या मुलाच्या करारावर सही होताना आई किंवा वडील समोर हवेत, आणि त्यांना करार मराठीत, किंवा त्यांची जी भाषा असेल तीत, वाचून दाखवलेला हवा. सोडलेल्या मुलाचे नोंदणीचे कागद आठवड्यात मोकळे करा. आमच्या पोराचे सुटायला अडीच महिने लागले आणि तोवर दुसऱ्या एका क्लबची नोंदणी बंद झाली होती.

ट्रायलला फी नको. सांगली, सातारा, कोल्हापूर मिळून वर्षातून एकदा, दोन दिवस, पूर्ण मापाच्या मैदानावर, अकरा-अकराचा सामना. घ्यायच्या त्या दिवाळीनंतर घ्या, जूनमध्ये इथे घोट्याएवढा चिखल असतो आणि चिखलात चांगला-वाईट कोणी कळत नाही. आलेल्या प्रत्येक मुलाला उत्तर द्या. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, मुलं तेवढी खंबीर असतात. मैदान, चुना, पाणी, मुलांची राहायची सोय आम्ही करू. मी अनेक मंडळांशी बोललो आहे, ही पोकळ हमी नाही.

मुलगा घेताना त्याच्या जुन्या मंडळाची वर्षं त्याच्या नोंदीत लावायला मदत करा, आणि देशातल्या देशात होणाऱ्या व्यवहारांतही फिफाच्या धर्तीवर मंडळांचा वाटा द्या.

आणि वीस वर्षांखालच्या प्रत्येक मुलाबाबत हंगामाच्या सुरुवातीला ठरवा, तो कुठे खेळणार. तुमच्याकडे खेळणार नसेल तर लोनवर पाठवा.

आमचा लेफ्ट बॅक सध्या कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात सकाळच्या पाळीला जातो. चारला सुटतो, साडेपाचला ग्राउंडवर असतो. स्वतःचा सराव करतो आणि मग लहान मुलांना डाव्या पायाने क्रॉस मारायला शिकवतो. त्यांतला एक दहा वर्षांचा आहे, तोही डावखुरा. दोघं ओळीने उभे राहून मारतात तेव्हा मी हातातलं काम थांबवून बघतो. तुमच्यातल्या कोणाला लेफ्ट बॅक हवा असेल तर तो मोकळा आहे, कागद सुटलेले आहेत, गुडघे शाबूत आहेत. व्हिडिओ मी पाठवणार नाही. येऊन नव्वद मिनिटं बघा.

या पत्राचं उत्तर ३० जूनपर्यंत यावं अशी अपेक्षा आहे. माझ्या नावाने नको. तुम्ही गेल्या वर्षभरात सोडलेल्या मुलांची यादी तुमच्याकडे असेलच, त्यांना एकेकाला लिहा.

आपला,
हळदीच्या पेढीवरचा एक दिवाणजी आणि मुलांचा प्रशिक्षक,
मिरज, जि. सांगली